ओटीच्या आडून

शनिवार उजाडला की बेंगळुरूतल्या इंदिरानगरच्या त्या घरात वसुमतीअक्का पिशवी भरायला घ्यायच्या. नारळ, खण, विड्याची पानं, हळदकुंकवाची कोयरी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा. बघणाऱ्याला वाटावं, बाई देवळात निघाल्या. देवळात कसल्या! बाई नवऱ्याच्या धंद्याला हातभार लावायला निघालेल्या असायच्या.

रघुनंदनरावांचा धंदा म्हणजे हेडहंटिंग. ज्यांच्या हातात दुर्मीळ कसब असतं ती माणसं नोकरीसाठी अर्ज करत हिंडत नाहीत. कुठंतरी बरी नोकरी करत असतात. त्यांना हेरायचं, गोड बोलून तिथून फोडायचं आणि दुसऱ्या कंपनीच्या पदरात घालायचं. एवढंच असतं तर वाईट काही नव्हतं. कसबी माणसाला चांगली जागा मिळाली तर कुणाचं पोट दुखायचं कारण नाही. पण रावांनी या सरळ कामाला आपल्या पदरची फोडणी दिली होती, आणि घाण वास यायचा तो त्या फोडणीचा.

याच धंद्यातली, कोरमंगल्यात पेइंग गेस्ट म्हणून राहणारी पोरं दिवसभर लॅपटॉपवर माणसं शोधायची. राव त्यांना हसायचे. "कागद कुणीही वाचतो हो. घर वाचता आलं पाहिजे!" म्हणून ते उमेदवाराच्या घरी जायचे. उमेदवार बाई असली की सपत्नीक. मुलगी बघायला जावं तसं पाय धुऊन, अंगारा-अक्षता लावून. हॉलमध्ये राव पदाच्या आणि पगाराच्या गप्पा मारायचे, आणि वसुमतीअक्का "कॉफीला मी हात लावते की," म्हणत सरळ स्वयंपाकघरात शिरायच्या. तिथं सासू असायची, नाहीतर आई. फिल्टरमधून डिकॉक्शन उतरेपर्यंत अक्कांनी सगळं काढून घेतलेलं असायचं. पोरीचं लग्न ठरतंय का, नवरा बाहेरदेशी निघालाय का, आणि मुख्य म्हणजे 'काही विशेष' आहे का. मग ओटी भरून, पाठीवरून हात फिरवून बाहेर पडायचं. गाडीत बसलं की राव विचारायचे, "काय?" अक्का एक शब्द बोलायच्या. "रिकामी" किंवा "भरलेली". भरलेलीला दोन दिवसांत निरोप जायचा, की जागा सध्या थांबवली आहे.

कंपन्यांचे साहेबलोक तर सभ्यतेचे पुतळे! ते बाईला असलं काही विचारत नाहीत. विचारलं तर बोभाटा होतो. महिलादिनाला ते गुलाबाची फुलं वाटतात, काचेच्या भिंतीवर आईपणाच्या गौरवाची चित्रं लावतात, आणि मग रावांना फोन करून म्हणतात, "सर, फॅमिली सिच्युएशन जरा बघून सांगा." मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं.

आणि वसुमतीअक्का? त्यांना कधी काही वाटलं नाही. आपल्याला माणसं वश होतात याचा त्यांना केवढा अभिमान! "पोटुशीनं कशाला एवढी धावपळ करायची? घरी बसेल, दोन घास सुखानं खाईल," असं त्या स्वतःला सांगायच्या आणि पुढच्या शनिवारचा खण काढून ठेवायच्या. घरी बसलेल्या त्या पोरींपैकी किती सुखात आहेत, हे बघायला त्या एकदाही गेल्या नव्हत्या.

त्या शनिवारी हेब्बाळला जायचं होतं. तळ्यापलीकडच्या एका सोसायटीत दिव्यश्री राहत होती. एखादी चिप तयार व्हायला कारखान्यात जाण्याआधी त्या चिपच्या आराखड्यातली चूक पकडायची, हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारी माणसं बेंगळुरूतही फार नाहीत. हेब्बाळच्याच एका कंपनीचा प्रणीत नावाचा साहेब तिच्यासाठी रावांच्या मागं लागला होता. राव तिच्याशी महिनाभर फोनवर बोलत होते. "तुझी जागा पक्की समज, अम्मा. पण आधी राजीनामा टाक. सुटायला वेळ लागणारी माणसं त्यांना नको असतात." पोरीनं त्या शब्दावर विसंबून राजीनामा टाकला होता. तो टाकून झाल्यावर राव घर वाचायला निघाले होते. हा त्यांचा नेहमीचा क्रम. दोर कापलेला माणूस पुढं फारशी कटकट करत नाही.

दार दिव्यश्रीच्या सासूनं, भाग्यलक्ष्मींनी उघडलं. "या की अक्का, या अण्णा. आमच्यात मराठी बोलणारं कुणी येतंय म्हटल्यावर सकाळपासनं कोडुबळी तळतेय बघा." घर तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेल्या मराठ्यांचं, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि माया मात्र पुरती. दिव्यश्रीचा नवरा शंभूराज शाळेत गणित शिकवायचा. तो रावांजवळ बसला, दिव्यश्रीही बसली. अक्का स्वयंपाकघरात गेल्या.

"सून म्हणजे सोनं आहे हो तुमची," अक्कांनी दूध ढवळत सुरुवात केली. "एवढी शिकलेली, आणि तुमच्याकडं बघून कशी बोलते! पण थोडी सुकल्यासारखी वाटली. काही विशेष?"

भाग्यलक्ष्मींनी दाराकडं पाहिलं. मग त्यांना राहवेना. त्यांनी अक्कांचा हातच धरला. "अक्का, कुणाला सांगितलं नाही अजून. तिसरा लागलाय. लग्नाला इतकी वर्षं झाली, किती डॉक्टर केले, किती नवस बोलले, माझं मलाच ठाऊक. दोनदा राहिलं आणि गेलं. ह्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळं सरी आहे, नीट आहे. दिव्या म्हणाली, अम्मा, पाच महिने होईपर्यंत तोंडातनं शब्द काढायचा नाही. पण तुम्ही काय परक्या? पोरीला आई नाही हो. तुम्ही आलात आणि मला वाटलं, तिची आईच आली."

"देव पाठीशी आहे," अक्का म्हणाल्या. वाक्य तोंडपाठ होतं.

ओटी भरताना दिव्यश्री वाकली. अक्कांनी तिच्या पदरात तांदूळ, नारळ, खण घातला आणि केसांत गजरा माळला. दिव्यश्रीचे डोळे भरून आले. भाग्यलक्ष्मींनी डब्यात कोडुबळी भरून दिली.

खाली गाडीत राव म्हणाले, "काय?"

"भरलेली," अक्का म्हणाल्या, आणि डबा मांडीवर घेऊन बसल्या.

रावांनी कपाळावर हात मारला. "छे! हिच्यासाठी प्रणीतनं जीव टाकलाय. पुढच्या वर्षी त्यांची चिप बाहेर पडायची, आणि त्याच वेळी ही बाळंतपणाला बसणार. मूर्ख पोरगी. आधी सांगायला काय झालं होतं?"

आधी सांगितलं असतं तर यांनी काय केलं असतं? उंबरासुद्धा ओलांडला नसता. पण चोराच्या उलट्या बोंबा, म्हणतात ते काही उगाच नाही.

त्यानंतरचा आठवडा वसुमतीअक्कांना जड गेला, कारण भाग्यलक्ष्मी रोज फोन करू लागल्या. आजवर कुणी केला नव्हता. "अक्का, तिला आंबट चालेल ना?" "अक्का, राजीनामा दिलाय, आणि कंपनीचं पत्र काही येईना. अण्णांना स्वल्प विचारा की." अक्का "विचारते," म्हणायच्या आणि विचारायच्या नाहीत. एका सकाळी भाग्यलक्ष्मी म्हणाल्या, "एक मागणं आहे. सीमंताला, डोहाळेजेवणाला, माहेरच्या बाजूनं बसायला तिला कुणी नाही. आई म्हणून तुम्ही बसाल?"

अक्कांच्या हातातला फोन कानालाच राहिला. "बसेन की," त्या कशाबशा म्हणाल्या. घरोघरी ओट्या भरत हिंडणाऱ्या त्या बाईला आजवर एकाही घरानं कार्याला बोलावलं नव्हतं. बोलावतील कसे? तिथल्या पोरींना निरोप गेलेला असायचा.

त्याच दुपारी राव सोवळ्यात पूजा आटोपून पानावर बसले. एकादशीला पाण्याचा थेंब न घेणारा, कांद्याचा वास आला तरी नाक धरणारा हा माणूस. भाताची मूद फोडत ते म्हणाले, "प्रणीतशी बोलणं झालं. हेब्बाळच्या पोरीबद्दल त्यानं एक मार्ग काढलाय."

"घेतात तिला?" अक्का वाढता वाढता थांबल्या.

"घेतील. तो म्हणाला, सिच्युएशन बदलली तर ऑफर आजही तयार आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! तिसराच आहे अजून. आजकाल त्यात काही नाही, एका दिवसाचं काम. चिप बाहेर पडू दे, मग खुशाल दहा पोरं होऊ देत म्हणावं. आता हे मी कसं सांगणार? बाईनं बाईला सांगायची गोष्ट. तुझ्यावर त्यांचा जीव आहे. उद्या तिकडं जा, आणि सासूला नको, पोरीला बाजूला घेऊन हळूच पटव. तूप वाढ."

अक्कांनी तूप वाढलं नाही. त्या नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. कपाळावरचा अंगारा, गळ्यातली तुळशीची माळ, बोटांना लागलेला भात. तेच तोंड, तीच बोटं. आज मात्र पहिल्यांदा त्यांना त्याची किळस आली.

"हे पाप आहे," त्या म्हणाल्या.

"अय्यो, पाप कसलं? इतकी वर्षं जे करत आलीस तेच. तू विचारायचं आणि येऊन मला सांगायचं. आता मी सांगतो ते तिथं जाऊन सांगायचं. फरक काय?"

नालायक असला तरी माणूस त्या क्षणी खरं बोलत होता. फरक काही नव्हता. केसानं गळा कापणारा हात दोघांचा होता. राव दिशा दाखवायचे आणि केस अक्का धरायच्या.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. पिशवी घेतली नाही. राव गाडी घेऊन सोसायटीच्या फाटकाबाहेर थांबले. "लवकर आटप. मला चारला कॉल आहे," ते म्हणाले.

भाग्यलक्ष्मींनी दार उघडताच तोंडभर हसून त्यांना आत ओढलं. शंभूराज शाळेतून नुकताच आला होता, दिव्यश्री जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. तिचा चेहरा उतरला होता. जुन्या साहेबांना तिनं फोन केला होता. तिची जागा त्यांनी भरून टाकली होती.

"बसा अक्का, कॉफी टाकते," भाग्यलक्ष्मी म्हणाल्या.

"नको. तुम्ही पण बसा. मला सगळ्यांसमोर बोलायचंय." अक्का उभ्याच राहिल्या. बसलं तर बोलणं राहून जाईल, असं त्यांना वाटलं. "दिव्या, तुझं पत्र यायचं नाही. तू पोटुशी आहेस हे कंपनीला कळलंय. मी कळवलं. मी त्याचसाठी येते. ओटी भरायला नाही. तुमच्या स्वयंपाकघरात शिरून हेच काढून घ्यायला येते."

 खालून पोरांच्या क्रिकेटचा आवाज येत होता.

"म्हणजे," भाग्यलक्ष्मींचा आवाज फाटला, "मी बोलले म्हणून? माझ्या तोंडानं माझ्या सुनेची नोकरी गेली?"

"तुमचा काही दोष नाही हो..."

"मग कुणाचा? मीच बोलले नव्हे? दिव्यानं हात जोडून सांगितलं होतं, अम्मा, बोलू नका. आणि मी कोडुबळी देऊन सांगितलं!" त्या खुर्चीवर कोसळल्या आणि पदरात तोंड घालून रडू लागल्या. दिव्यश्री उठून त्यांच्यापाशी गेली. वसुमतीअक्कांना वाटलं, भाग्यलक्ष्मींनी आपल्या थोबाडीत मारावी. पण त्या चांगल्या घरच्या बाई होत्या. त्या स्वतःलाच बोल लावत बसल्या, आणि ते बघत उभं राहणं अक्कांना मारापेक्षा अवघड झालं.

"आज का सांगताय, आंटी?" दिव्यश्रीनं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसती गारठलेली चौकशी होती. "नोकरी गेली ती गेली. आज काय काम काढलंत?"

 तेवढ्यात अक्कांच्या हातातला फोन वाजला. खालून राव. अक्कांनी फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"झालं का?" रावांचा आवाज खोलीभर पसरला. "पटलं का पोरीला? आणि हे बघ, भावनेत वाहू नको. म्हणावं, अजून वेळ गेलेली नाही. माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, कुठं वाच्यता होणार नाही. या आठवड्यात मोकळी झाली तर सोमवारी ऑफर हातात. असली जागा पुन्हा मिळायची नाही, पोर काय कधीही होतं. हॅलो? ऐकतेस ना?"

दिव्यश्रीचा हात आपोआप पोटाकडं गेला. शंभूराजची खुर्ची मागं सरकली. पण त्याच्याआधी भाग्यलक्ष्मी उठल्या. डोळे पुसले, पदर खोचला आणि त्या फोनवर वाकल्या.

"अण्णा, मी भाग्यलक्ष्मी. सगळे ऐकतोय आम्ही. तुम्ही वर या."

भाग्यलक्ष्मींनी फोन जवळ ओढला.

"वर या की. त्या दिवशी आलात, माझ्या घरची कॉफी प्यालात, तसेच या. माझी सून इथंच बसलीय. तिच्या तोंडाकडं बघून बोला हे. लिफ्ट चालू आहे."

"अहो, तुमचा काहीतरी गैरसमज... मी त्यांच्या भल्यासाठीच... कंपनीचं असं काही म्हणणं नाही, हे तर मी..." आणि फोन बंद.

शंभूराज खिडकीपाशी गेला. फाटकाबाहेरची पांढरी गाडी घाईघाईनं मागं आली, एका स्कूटरवाल्याच्या शिव्या खात वळली आणि मोठ्या रस्त्याला लागली. बायकोला तिथंच टाकून. बेंगळुरूतल्या घराघरांत बोलावल्याविना शिरणारा, दुसऱ्यांच्या सुनांच्या पोटाचा हिशेब ठेवणारा हा शूर शिकारी चार मजले चढून वर आला नाही.

"गेले," शंभूराज म्हणाला.

"जाऊ देत," दिव्यश्री म्हणाली. तिनं लॅपटॉप पुढं ओढला. "आंटी, मी तक्रार करणार आहे. त्या कंपनीच्या वरच्या लोकांकडं, आणि कामगार खात्याकडं. माझी नोकरी परत येईल न येईल. पण माझ्या एकटीच्या शब्दावर ते म्हणतील, बाईची निवड झाली नाही म्हणून थयथयाट करते. आतली गोष्ट सांगणारं माणूस पाहिजे. तुम्ही सांगाल? नावानिशी?"

"हे केलंत तर तुमच्या घरी काय होईल, ठाऊक आहे ना?" शंभूराजनं विचारलं. तो गणिताचा मास्तर. दोन्ही बाजू मांडून बघायची त्याला सवय.

"धंदा बसेल. मला घरात घेतील की नाही कुणास ठाऊक," वसुमतीअक्का म्हणाल्या. "घाल माझं नाव."

भाग्यलक्ष्मी त्यांच्याकडं बघत होत्या. त्यांच्या नजरेत माया नव्हती. "सीमंताला तुम्ही बसू नका," त्या म्हणाल्या. "मला जमायचं नाही ते."

"नाही बसणार."

दिव्यश्रीनं टाइप करायला घेतलं. अक्कांचं नाव घातलं, पत्ता घातला. मग बोटं थांबली. "आंटी, अंकलांचं पूर्ण नाव?"

 अक्कांच्या घराण्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पुढं सगळा संसार 'हे' आणि 'आमचे यजमान' यांवर निघाला. बँकेत, दवाखान्यात कुणी विचारलं तर त्या शेजारच्याला पुढं करायच्या. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आजीनं सांगितलं होतं. आणि याच नवऱ्यानं काल भाताचा घास हातात धरून दुसरीच्या पोटातल्या जिवाचं आयुष्य एका दिवसाचं काम म्हणून मोडीत काढलं होतं.

"रघुनंदन नरसिंह राव," त्या म्हणाल्या. स्पष्ट, शाळेत हजेरी घ्यावी तसं. "लिहिलंस? त्याखाली त्या प्रणीतचं लिही. आणि पान संपवू नको, दिव्या. तुझ्याआधीच्या पोरींची नावं मी सांगते. एकीलाही ठाऊक नाही, आपली नोकरी कशी गेली ते. मला सगळ्या आठवतात."